हौद्यातली चार चाकं

मुल्लिला टायर या दुकानाचा काउंटर मी बावीस वर्षं सांभाळला. फोन घ्यायचे, किल्ल्या घ्यायच्या, कॉफीचं भांडं रिकामं राहू द्यायचं नाही, आणि आतल्या शेडमधून लाइल हाउटाला जे काही सांगेल ते गिऱ्हाइकाला जरा गोड करून सांगायचं. लाइल उद्धट नव्हता, पण त्याला गोड बोलता येत नसे. "हा टायर मेलाय" म्हणजे मेलाय. मग मी बाहेर येऊन म्हणायची, "लाइल म्हणतो, याच्यावर अजून एक हिवाळा काढणं बरं नाही."

उंच, किंचित वाकलेला, हातांना कायम रबराचा वास. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही. शनिवारी सौना, म्हणजे गरम खोलीतली वाफेची अंघोळ, रविवारी चर्च, हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे. धाकटा भाऊ डेल लाइलच्याच रस्त्यावर अर्ध्या मैलावर राहायचा. डेल लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा, पहाटे चारला घर सोडायचा. त्याची बायको ग्रीन बे शहरात निघून गेली तेव्हा त्यांची मुलगी क्रिस्टा सहा वर्षांची होती. तेव्हापासून त्या मुलीची शाळेची वेणी लाइल घालायचा. सुरुवातीला ती वेणी दोरखंडासारखी दिसे. पुढे पुढे चांगली जमायला लागली.

चाकांत सेन्सर यायला लागले तेव्हा आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या टायरवाल्यांनी कपाळाला हात लावला होता. चाकाच्या आत, वाल्वच्या बुडाशी, काडेपेटीएवढी एक डबी असते. आत हवा किती आहे ते ती गाडीला कळवते. प्रत्येक डबीचा नंबर वेगळा, आणि गाडी फक्त आपल्या चार नंबरांचं ऐकते. टायर रिमवरून उतरवताना मशीनचा दांडा जरा चुकीच्या जागी बसला की डबी फुटलीच. शिवाय आमच्या रस्त्यांवरचं मीठ. तीन हिवाळ्यांत वाल्वची दांडी अशी खाल्ली जाते की हात लावला की तुटते. आणि आमच्याकडे वर्षातून दोनदा चाकं बदलतात, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे ही भानगड वर्षातून दोनदा.

पहिल्याच आठवड्यात लाइलने दोन डब्या फोडल्या. मग तो शिकला. पुस्तक घरी नेऊन वाचलं. कुठल्या गाडीला डबीची ओळख कशी करून द्यायची, पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून कुठल्या क्रमाने फिरायचं, हॉर्न वाजला की पुढच्या चाकाकडे कसं जायचं, सगळं त्याला पाठ झालं. बाकीचे दुकानदार म्हणायचे, दिवा लागतोय ना, त्यावर चिकटपट्टी लावा. लाइल नाही म्हणायचा. तो म्हणायचा, "गाडी बोलतेय आणि तू तिच्या तोंडावर पट्टी लावतोस?"

क्रिस्टाला सोळाव्या वर्षी लायसन मिळालं तेव्हा गाडी शिकवली बापाने, पण सवयी लावल्या काकाने. किल्ली फिरवायची, बटण दाबायचं, पडद्यावर चार चाकांचे चार आकडे येतात ते बघायचे, पस्तीसच्या आसपास हवेत. आकडे बघितल्याशिवाय गियर टाकायचा नाही. ती त्याची थट्टा करायची. "काका, लोक प्रवासाला निघताना देवाचं नाव घेतात, तू मला हवा बघायला लावतोस." पण बघायची. मार्क्वेटला नर्सिंग शिकायला गेली तरी बघायची.

त्या वर्षी पंधरा नोव्हेंबर शनिवारी आला होता. पंधराला हरणांची शिकार सुरू होते, शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, सगळे पुरुष आणि निम्म्या बायका जंगलातल्या आपापल्या कॅम्पवर. म्हणजे तेराला, गुरुवारी, आमच्या दुकानापुढे रांग. त्यात रेडिओवर आठ इंच बर्फ सांगितलेलं. आवारात चौदा गाड्या उभ्या होत्या आणि लाइलच्या जोडीला एकच माणूस, आणि त्याची पाठ धरलेली.

दुपारी डेल आला. पेल्की गावच्या कुणा माणसाकडून त्याने वापरलेली चार चाकं घेतली होती, रिमसकट, वर बर्फाचे टायर चढवलेले. नुसती खोलायची आणि बसवायची. लाइलने रिम हातात घेऊन फिरवल्या, कडेचा गंज ब्रशने घासला, वाल्व हलवून बघितला.

"यांच्यात सेन्सर नाहीत," तो म्हणाला. "मंगळवारी नवे येतील. नाहीतर तुझ्या जुन्या चाकांतले काढून यांच्यात घालतो. दीड तास दे."

"दीड तासात मी कॅम्पवर चूल पेटवून बसलेला असेन," डेल म्हणाला. "तुझ्याकडे अंडी दिली असती तर एव्हाना पिल्लं बाहेर आली असती. लाव तशीच."

"दिवा लागेल."

"लागू दे. मी काय तुझ्या दिव्याला भितो?"

लाइलने दारातून बाहेरच्या रांगेकडे बघितलं. मला त्याचा चेहरा आठवतो, कारण बावीस वर्षांत मी त्याला कामात माघार घेताना तेवढं एकदाच पाहिलं. त्याने चाकं बसवली. गाडीची काढलेली जुनी चार उचलून डेलच्या पिकअपच्या हौद्यात टाकली.

"घरी गेल्या गेल्या ही उतरव," तो म्हणाला. "उतरवली नाहीस तर गाडी यांचेच आकडे वाचत बसेल. खालच्या चाकांत काही नसलं तरी पडद्यावर सगळं ठीक दिसेल. उतरवलीस की दिवा लागेल, आणि मंगळवारी माझ्याकडे यायचं तुझ्या लक्षात राहील."

"बरं, मास्तर," डेल म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "आयलीन, याला सुट्टी दे गं एखादी. डोक्यात हवा भरलीय याच्या."

मी हसले. मी ते सगळं काउंटरवरून ऐकलं होतं.

डेलने चाकं उतरवली नाहीत. रस्त्यावर बर्फ पडायला लागलं होतं, आणि रिकामा पिकअप बर्फात मागून घसरतो. लोक हौद्यात वाळूची पोती टाकतात. त्याने विचार केला, पोती कशाला, चार चाकांचं वजन आहेच की. वर ताडपत्री टाकली, दोरी बांधली आणि तो कॅम्पवर गेला.

क्रिस्टा शुक्रवारी मैत्रिणीच्या गाडीने मार्क्वेटहून कॅम्पवर आली होती. शनिवारी बापाबरोबर मचाणावर बसली, हरीण मिळालं नाही. सोमवारी तिची रुग्णालयात सकाळची पाळी होती. डेल आठवडाभर कॅम्पवरच राहणार होता, लाइल रविवारी दुपारी तिथे येणार होता, म्हणजे गाडीची अडचण नव्हती. डेल म्हणाला, माझा पिकअप ने, पुढच्या शनिवारी आण. ती रविवारी सकाळी दहाला निघाली.

यापुढचं मला लाइलने सांगितलं, एकदाच, आणि मी ते त्याने सांगितलं तसंच सांगते.

तो घरी स्वयंपाकघरात होता. कॅम्पवर न्यायला निसू, म्हणजे वेलचीचा गोड पाव, कापत होता. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. क्रिस्टा पेट्रोल पंपावर थांबली होती.

"काका, गाडी मागून जरा डुलल्यासारखी वाटतेय."

"आकडे बघितलेस?"

"बघितले. तीन चाकांत पस्तीस, एकात चौतीस."

"मग बर्फ आहे. हळू जा. हौद्यात वजन आहे ना?"

"आहे. बाबांनी ताडपत्रीखाली काहीतरी बांधलंय."

"मग ठीक आहे. पोचलीस की फोन कर."

"करते. बाबांना म्हणावं, मोजे राहिलेत त्यांचे माझ्याकडे."

त्याने फोन ठेवला. पाव कापून झाला, कागदात गुंडाळला. डेलसाठी आपले मोजे घ्यावेत म्हणून आत गेला. कपाटाचं दार उघडलं आणि तिथेच थांबला. त्या गाडीवर आकडे यायलाच नको होते.

तो म्हणाला, "आयलीन, वीस मिनिटं लागली मला. गुरुवारी मी स्वतः डेलला जे सांगितलं, ते रविवारी आठवायला मला वीस मिनिटं लागली. ती म्हणाली पस्तीस, आणि मला बरं वाटलं. पस्तीस ऐकलं की मला नेहमीच बरं वाटतं."

त्याने फोन लावला. तळ्यांच्या त्या भागात फोन लागत नाही. तीनदा लावला. मग तो जॅकेटही न घालता निघाला.

मिशिगामी गावाच्या अलीकडे जिथे रस्ता खडकातून कापलेला आहे, तिथे पोलिसांची गाडी आडवी उभी होती. मागचं उजवं चाक रिमवर बसून गाडी फिरली होती आणि खडकावर आदळली होती. क्रिस्टाला घेऊन रुग्णवाहिका निघून गेली होती. घाईने गेली नव्हती, एवढंच त्या पोलिसाने सांगितलं. तो लाइलला ओळखत होता, त्याच्या गाडीची चाकं लाइलच बदलायचा.

लाइलने वाकून ते मागचं चाक बघितलं. टायरच्या आतल्या बाजूला रबराचा काळा भुगा झालेला होता. असा भुगा एकदम हवा गेल्यावर होत नाही. हवा हळूहळू कमी होत जाते आणि टायर कितीतरी मैल तसाच चिरडत धावतो, तेव्हा होतो. ज्या रिमची कड त्याने गुरुवारी घाईघाईने घासली होती, तिथूनच हवा गळत होती. बाहेर थंडी, त्यात ती गळती. चाक रिकामं होत होतं आणि समोरच्या पडद्यावर ताडपत्रीखालच्या चाकाचे पस्तीस दिसत होते.

हौद्यातली चारही चाकं बर्फात इकडेतिकडे उडाली होती. लाइल ती शोधत फिरला. एक खाली ओढ्यापर्यंत गेलं होतं. पोलिसाला वाटलं, बिचाऱ्याला काय करावं सुचत नाहीये, काहीतरी उचलतोय. त्याने मदतच केली. चारही चाकं लाइलने आपल्या गाडीत घातली, आणि मग तो कॅम्पवर डेलला सांगायला गेला.

अहवालात "बर्फ" असं लिहिलं गेलं. तसं ते खोटंही नव्हतं.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी डेलच्या घरी जेवण घेऊन गेले होते. ओट्यावर लोकांनी आणलेल्या झाकलेल्या भांड्यांची गर्दी होती, कुणी काही खाल्लेलं नव्हतं. मी भांडी विसळत होते. डेल टेबलाशी बसला होता. लाइल आत आला, टोपी काढली, बसला नाही.

"निघाल्यावर तिने मला फोन केला होता," तो म्हणाला. "गाडी डुलतेय म्हणाली."

डेलने वर बघितलं.

"मी म्हटलं, काही नाही, जा."

 डेलने विचारलं, "आकडे काय होते?"

माझे हात पाण्यात तसेच राहिले.

"आकडे येत नव्हते," लाइल म्हणाला. "नुसत्या रेघा होत्या आणि दिवा लागला होता. तिने सांगितलं मला. तरी मी म्हटलं जा. सेन्सर मी घातले नव्हते, रिम मी नीट घासली नव्हती आणि जा पण मीच म्हटलं. तुझा यात काही संबंध नाही."

डेल त्याच्याकडे बघत होता. मला त्या वेळी वाटलं, तो आता उठेल आणि भावाला मारेल. तो उठला नाही.

"घरी जा, लाइल," तो म्हणाला.

मी लाइलच्या मागोमाग बाहेर आले. तो पायी आला होता, म्हणून मी त्याला माझ्या गाडीत घेतलं. अर्ध्या मैलाच्या त्या रस्त्यावर त्याने मला पस्तीसची गोष्ट सांगितली, ताडपत्रीची सांगितली, बर्फातून चाकं गोळा केल्याचीही सांगितली.

"तू खोटं का बोललास?" मी विचारलं.

"चाकं त्याने हौद्यात ठेवली होती. त्यांचेच आकडे तिला दिसले, हे त्याच्या लक्षात आलं तर तो जगणार नाही."

"आणि तू?"

"मला सवय आहे," तो म्हणाला. कशाची सवय, ते मला कळलं नाही. "तू त्या दिवशी काउंटरवर होतीस. तू ऐकलंयस. गप्प राहशील ना?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. नऊ वर्षं. अर्ध्या मैलावर राहून. आधी दोघांचा मिळून एक सौना होता, डेलच्या अंगणात. लाइलने त्या उन्हाळ्यात आपल्या घरामागे छोटासा बांधला. शनिवारी दोन धुराडी दिसायची. दुकानात डेलचा ट्रक आला तर तो गाडी लावून समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचा, आणि लाइल त्याची चाकं कुणालाही हात लावू न देता स्वतः करायचा. दोनदा तपासायचा. मग किल्ली माझ्यापुढे ठेवायचा.

लाइल बदलला असं लोक म्हणायचे. मला तो बदललेला दिसला नाही, फक्त कमी झालेला दिसला. जेवणाच्या सुट्टीत जेवेना. कुणी घाईत आला आणि म्हणाला, दिवा राहू दे, तर लाइल किल्ली खिशात टाकून कामाला लागायचा. एकदा एक शिकारी काउंटरवर माझ्या अंगावर ओरडला, गाडी माझी आहे का त्या म्हाताऱ्याची. वॉरन मुल्लिला, आमचा मालक, आत जाऊन लाइलला म्हणाला, अरे, गिऱ्हाईक तोडशील. लाइल म्हणाला, "तोडतो." वॉरन मला नंतर म्हणाला, "याला काय बोलणार?" त्यालाही खरं माहीत नव्हतं. पण हिवाळी चाकं चढवून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, चाकात किती हवा आहे हे कळलंच पाहिजे, असं ऐकूनच आमच्या दारातून बाहेर पडावं लागायचं. हौद्यात जुनी चाकं असतील तर लाइल ती उतरवायचा आणि म्हणायचा, उद्या दुसरी गाडी घेऊन ये आणि ने.

गेल्या वर्षी जानेवारीत, बासष्टाव्या वर्षी, लाइल अंगणातला बर्फ काढताना पडला. टपालवाल्याने बघितलं. हृदय थांबलं होतं.

एप्रिलमध्ये डेल दुकानात आला, लाइलची हत्यारं न्यायला. नऊ वर्षांत तो पहिल्यांदा शेडच्या आत गेला. लाइलची पेटी भिंतीशी होती तशीच होती. डेलने वरचा खण उघडला. वाल्वच्या छोट्या रबरी चकत्या आकारांप्रमाणे लावून ठेवलेल्या होत्या. तो बघत राहिला. वॉरन बाहेर गेला होता, आम्ही दोघंच होतो.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डेल, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी आकडे..."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी पेटीवर हात टेकला.

"गुरुवारी कॅम्पवर जाताना मीच बघितले होते आकडे. पस्तीस. मला हसू आलं होतं. म्हटलं, लाइल बोलला तसंच झालं, गाडी फसली." तो खण हळूच मिटत म्हणाला, "तो म्हणाला रेघा होत्या, तेव्हाच मला कळलं. रेघा कशा असतील? चाकं तर मागे होती. नंतर गाडीतलं सामान मिळालं त्यात चाकं नव्हती. ती कुणी नेली हे मी कधी विचारलं नाही."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"त्याच मिनिटापासून."

"मग बोलला का नाहीस त्याच्याशी?"

डेल खाली बसला, टायरच्या ढिगावर. त्याचे हात लाइलसारखेच होते, हे मला तेव्हा दिसलं.

"तो म्हणाला, तुझा संबंध नाही. मला ते ऐकायचं होतं. मी त्याच्याशी बोलायला लागलो असतो तर एक दिवस खरं बोलावं लागलं असतं. म्हणून मी ते ओझं त्याला वाहू दिलं. मला वाटायचं, पुढच्या वर्षी जाईन. मला वाटायचं, आहेच तो तिथे, धूर दिसतोय."

मी त्याला कॉफी दिली. त्याने घेतली नाही. मला त्याच्यावर राग येत नव्हता, कारण मीही नऊ वर्षं गप्पच होते. वचन पाळलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण मी एकदा डेलच्या दारात जाऊन एवढं एक वाक्य म्हटलं असतं, की मला माहीत आहे, तर कदाचित एखाद्या शनिवारी एकच धुराडं पेटलं असतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते.

पेटी आम्ही दोघांनी मिळून उचलली. फार जड होती.

आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्या माणसाला जमीन मऊ होईपर्यंत थांबावं लागतं. लाइलला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुरलं. क्रिस्टाला ठेवलं तेव्हा डेलने तिच्या शेजारची जागा स्वतःसाठी घेऊन ठेवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. खड्डा तिथेच खणलेला दिसला तेव्हा पाद्रीबाबांनी मला हळूच विचारलं, काही चूक तर झाली नाही ना. मी म्हटलं, नाही.

शवपेटी खाली गेल्यावर डेलने खोदणाऱ्याच्या हातातून फावडं घेतलं आणि सगळी माती एकट्याने लोटली. तो साठीचा होता, मध्येमध्ये थांबावं लागत होतं. कुणी पुढे झालं नाही, कुणी निघूनही गेलं नाही. चर्चच्या तळघरात मांडलेली कॉफी निवली असणार.

माती भरून झाल्यावर मी त्याला विचारलं, "आणि तुझं काय, डेल? तू कुठे?"

"बघू," तो म्हणाला. "मला एवढ्यात तिच्या शेजारी जायचं धाडस नाही. त्याला जाऊ दे आधी."